कार्ल्सहोर्स्टचे घर आणि विजयाची मालकी

बर्लिन शहराच्या पूर्वेस कार्ल्सहोर्स्ट नावाचे एक शांत उपनगर आहे. तेथील एका दुमजली, दिसायला अगदी साध्या इमारतीत दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासाचे एक छोटे संग्रहालय आहे. लंडन किंवा मॉस्को येथील प्रचंड युद्ध-संग्रहालयांपुढे ते नगण्य वाटावे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. बागेत एक टी-३४ रणगाडा आणि काही जुन्या तोफा उभ्या आहेत. आत एक प्रशस्त दालन आहे. त्यात लांब टेबले मांडलेली असून सोव्हिएत युनियन, अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांचे चार ध्वज लावलेले आहेत. ८ मे १९४५ च्या मध्यरात्री याच दालनात हिटलरी जर्मनीच्या सेनाधिकाऱ्यांनी बिनशर्त शरणागतीच्या दस्तऐवजावर सह्या केल्या.

गेल्या काही वर्षांत हे छोटे घर एका मोठ्या वादाच्या भोवऱ्यात सापडले आहे. वरवर पाहता वाद नामफलकाचा आहे. संग्रहालयाच्या नावात 'जर्मन-रशियन' हे शब्द असावेत की नसावेत, दारातील काठ्यांवर कोणाचे ध्वज फडकावेत, स्मृतिदिनी कोणाला बोलवावे आणि कोणाला टाळावे, असे त्याचे स्वरूप आहे. परंतु फलकामागचा खरा प्रश्न निराळा आहे. फॅसिझमचा पराभव कोणी केला, त्याची किंमत कोणी मोजली आणि त्या विजयाचा वारसा आज कोणाच्या हाती आहे, हा तो प्रश्न आहे. म्हणूनच एका दूरच्या उपनगरातील संग्रहालयाची कहाणी भारतातील श्रमिक चळवळीनेही लक्षपूर्वक समजून घेतली पाहिजे.

एका घराच्या तीन अवस्था

ही इमारत १९३६ ते १९३८ या काळात बांधली गेली. जर्मन सैन्याच्या सुरुंग व पूलबांधणी पथकांतील अधिकाऱ्यांना शिक्षण देणाऱ्या विद्यालयाचे ते भोजनगृह होते. हिटलर युद्धाची तयारी करीत होता त्या वर्षांत उद्याच्या आक्रमक सैन्याचे अधिकारी येथे जेवत होते, मेजवान्या झोडीत होते. २२ जून १९४१ रोजी ३० लाखांहून अधिक जर्मन सैनिक सोव्हिएत युनियनवर चालून गेले. ज्या शास्त्राचे शिक्षण या आवारात दिले जात होते, ते शास्त्र त्या सैन्याला नद्या ओलांडून देण्याच्या कामी आले.

चार वर्षांनी चक्र उलटे फिरले. एप्रिल १९४५ मध्ये लाल सेनेने कार्ल्सहोर्स्ट जिंकले. जनरल बेर्झारिन यांच्या पाचव्या आघाती सेनेने आपले ठाणे याच भोजनगृहात मांडले. बर्लिन धुळीस मिळत असताना ही इमारत बव्हंशी शाबूत राहिली होती आणि म्हणूनच शरणागतीच्या समारंभासाठी तिची निवड झाली.

वास्तविक पहिली सही त्याआधीच झालेली होती. ७ मे रोजी पहाटे फ्रान्समधील रीम्स येथे आयझेनहॉवर यांच्या ठाण्यावर जनरल योडल याने शरणागतीवर सही केली. तीही एका जुन्या इमारतीत, लाल विटांच्या शाळेत झाली. ती खोली भिंतीवरच्या नकाशांसह आजही जपलेली असून तेथेही एक छोटे संग्रहालय आहे. सोव्हिएत सरकारने मात्र आग्रह धरला की ज्या नगरातून आक्रमण निघाले त्याच नगरात, सर्व मित्रराष्ट्रांच्या वरिष्ठ प्रतिनिधींसमक्ष आणि जर्मन सेनेच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या सहीनेच शरणागती झाली पाहिजे. हा आग्रह निव्वळ मानापमानाचा नव्हता. १९१८ साली पराभूत जर्मन सेनापतींनी शस्त्रसंधीची सही मुलकी प्रतिनिधींच्या माथी मारली होती. 'सैन्य अजिंक्यच होते, घरभेद्यांनी घात केला' ही दंतकथा त्यानंतर पसरवली गेली आणि त्या दंतकथेच्या खतपाण्यावरच नाझीवाद पोसला. या वेळी सेनापतींनी स्वतःच्या हाताने पराभव लिहून द्यावा, यात इतिहासाचा धडा होता.

त्या रात्री झुकॉव्ह आणि ब्रिटिश एअर चीफ मार्शल टेडर यांनी शरणागती स्वीकारली. अमेरिकेचे स्पाट्झ आणि फ्रान्सचे द लात्र द तासिन्यी हे साक्षीदार होते. फ्रान्सचा ध्वज हाताशी नसल्यामुळे तो ऐनवेळी शिवून घ्यावा लागला. जर्मनीतर्फे फील्डमार्शल कायटेल, नौदलाचा फ्रीडेबुर्ग आणि हवाईदलाचा स्टुम्फ यांनी सह्या केल्या. हाच तो कायटेल. सोव्हिएत नागरिकांवर अत्याचार करणाऱ्या जर्मन सैनिकांना खटल्यापासून अभय देणाऱ्या १३ मे १९४१ च्या हुकुमावर त्याचीच सही होती. व्याप्त प्रदेशात मारल्या जाणाऱ्या प्रत्येक जर्मन सैनिकामागे ५० ते १०० कम्युनिस्टांना ठार करावे, असा सप्टेंबर १९४१ चा हुकूमही त्याच्याच सहीचा होता. त्या लेखणीला अखेरची सही कार्ल्सहोर्स्टच्या टेबलावर करावी लागली. न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर १६ ऑक्टोबर १९४६ रोजी तो फासावर गेला.

सह्या पूर्ण झाल्या तेव्हा मॉस्कोत ९ मे उजाडला होता. पश्चिमेचा विजयदिन ८ मे आणि सोव्हिएत जनतेचा ९ मे, हा फरक तेव्हापासूनचा आहे.

त्यानंतर ही इमारत जर्मनीतील सोव्हिएत लष्करी प्रशासनाच्या कामी आली. ऑक्टोबर १९४९ मध्ये येथेच जनरल चुइकॉव्ह यांनी पूर्व जर्मनीच्या नव्या सरकारकडे कारभार सुपूर्द केला. पुढे १९६७ साली, ऑक्टोबर क्रांतीच्या पन्नासाव्या वर्षी, सोव्हिएत सैन्याने येथे संग्रहालय उघडले. 'महान देशभक्तीपर युद्धातील फॅसिस्ट जर्मनीच्या बिनशर्त शरणागतीचे संग्रहालय' असे त्याचे नाव होते. नाव लांबलचक होते खरे, पण त्यात एक गोष्ट अचूक होती. पराभव 'जर्मनांचा' झाला असे त्यात म्हटलेले नव्हते. तो फॅसिस्ट जर्मनीचा झाला, असे म्हटलेले होते. ही बाब पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

जे सांगितले आणि जे सांगितले नाही

१९६७ च्या संग्रहालयाने पराक्रमाची गाथा सांगितली. राइशस्टागवरील हल्ल्याचा मोठा चित्रदेखावा, पदके, पताका, सेनापतींची चित्रे तेथे होती. ती गाथा खोटी नव्हती. जर्मन सैन्याची फार मोठी हानी पूर्व आघाडीवरच झाली, हे आज कोणताही जबाबदार इतिहासकार नाकारीत नाही. एकट्या बर्लिनच्या लढाईत सुमारे ८० हजार सोव्हिएत सैनिक कामी आले. संपूर्ण युद्धात सोव्हिएत युनियनने सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गमावली. बेलारूसमध्ये दर चार माणसांत एक मेला. लेनिनग्राडने ८७२ दिवसांचा वेढा सोसला.

पण गाथेत काही मौनेही होती आणि प्रामाणिक श्रमिक चळवळीने ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. जर्मनीच्या हाती सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक कैदी म्हणून सापडले. त्यांपैकी सुमारे ३३ लाख मेले. ते रणांगणावर पडले नाहीत. उघड्या माळरानावर काटेरी तारांच्या कुंपणात, भुकेने, थंडीने, रोगाने आणि गोळीबाराने ते मेले. ज्यूंच्या संहाराखालोखाल नाझींच्या गुन्ह्यांत बळींची एवढी मोठी संख्या क्वचितच दुसऱ्या गटाची असेल. परंतु या माणसांना त्यांच्या स्वतःच्या देशातही न्याय मिळाला नाही. ऑगस्ट १९४१ च्या २७० क्रमांकाच्या हुकुमाने शरण जाणाऱ्या अधिकाऱ्यांना पळपुटे ठरवले आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या अटकेची तरतूद केली. छळछावण्यांतून जिवंत परतलेल्या अनेकांना संशयाच्या चाळणीतून जावे लागले आणि कित्येकांच्या वाट्याला पुन्हा सक्तमजुरी आली. त्यांचे संपूर्ण पुनर्वसन करणारा हुकूम मॉस्कोत निघाला तो १९९५ साली. तोपर्यंत बहुतेक जण मातीआड झाले होते.

मौन एकाच बाजूला होते असे मात्र नव्हे. पश्चिम जर्मनीचे मौन अधिक सोयीचे आणि अधिक स्वार्थी होते. तेथे 'गुन्हे केले ते हिटलरने आणि त्याच्या काळ्या गणवेशातील टोळ्यांनी. सैन्य मात्र स्वच्छ होते' अशी समजूत अनेक दशके जोपासली गेली. शीतयुद्धासाठी नवे सैन्य उभारताना जुने सेनाधिकारी हवे होते आणि त्यांचे हात स्वच्छ असल्याशिवाय ते चालण्यासारखे नव्हते. ८ मे हा जर्मनीच्याही मुक्तीचा दिवस होय, हे पूर्व जर्मनीत १९५० पासून सार्वजनिक सुटी देऊन मान्य केले गेले. पश्चिम जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून हेच वाक्य निघण्यास १९८५ साल उजाडावे लागले.

या पार्श्वभूमीवर १९९५ चे महत्त्व ध्यानात येते. सोव्हिएत युनियनचे विघटन झाले होते आणि १९९४ मध्ये रशियन सैन्याने जर्मनी सोडली होती. इमारतीचे काय करायचे? ती मोडून टाकावी किंवा विकून टाकावी, अशी त्या काळची हवा होती. पूर्व बर्लिनमधील पुतळे आणि रस्त्यांची नावे त्या वर्षांत कशी पुसली गेली, हे सर्वज्ञात आहे. तरीही जर्मनी आणि रशिया यांच्या संग्रहालयांनी एकत्र येऊन ही वास्तू चालवण्याचे ठरवले आणि १० मे १९९५ रोजी ते संयुक्त संग्रहालय उघडले. पुढे कीव्ह आणि मिन्स्क येथील संग्रहालयेही त्यात सामील झाली. कालच्या शत्रूंनी एकाच छपराखाली बसून, एकाच युद्धाचा इतिहास दोन भाषांत, परस्परांच्या संमतीने लिहावा, असा प्रयोग जगात फार थोड्या ठिकाणी झाला आहे.

या प्रयोगाने जुने पाडले नाही. शरणागतीचे दालन जसेच्या तसे ठेवले. राइशस्टागचा चित्रदेखावाही ठेवला. तो आता युद्धाची आठवण तर देतोच, शिवाय सोव्हिएत काळात युद्ध कसे स्मरले जात होते याचीही साक्ष देतो. भोवतालच्या खोल्यांत मात्र पूर्वी अनुच्चारित राहिलेल्या गोष्टी आल्या. कोट्यवधी लोक उपाशी मरतील हे गृहीत धरून आखलेली नाझींची अन्नधान्य लुटीची योजना, राजकीय कमिसारांना दिसताक्षणी गोळी घालण्याचा जून १९४१ चा हुकूम, गुलाम मजूर म्हणून जर्मनीत नेलेल्या मुली, ज्यूंचा संहार आणि कैद्यांच्या छावण्या, हे सारे तेथे मांडले गेले. २०१३ मध्ये हे प्रदर्शन नव्याने उभारले गेले.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. जर्मन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संग्रहालयाचे श्रमिक चळवळीने कौतुक का करावे? उत्तर सरळ आहे. संग्रहालयाचा खर्च कोण करतो याबरोबरच तेथे काय सांगितले जाते हेही पाहावे लागते. 'स्वच्छ सैन्य' ही भांडवलदारी जर्मनीची लाडकी दंतकथा होती आणि ती कागदपत्रांनिशी मोडून काढणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे. मे २०१५ मध्ये जर्मन संसदेने हयात असलेल्या सोव्हिएत युद्धकैद्यांना प्रत्येकी २,५०० युरो देण्याचा निर्णय घेतला. सत्तर वर्षे उशिराने आलेली ती रक्कम क्षुल्लक होती आणि ती घेण्यास काही हजार माणसेच उरली होती. पण तेवढे होण्यासाठीसुद्धा कोणाला तरी वर्षानुवर्षे ही गोष्ट सांगत राहावी लागली होती. कार्ल्सहोर्स्टचे घर त्या सांगणाऱ्यांपैकी एक होते.

फलकावरचे दोन शब्द

जून २०२१ मध्ये आक्रमणाला ८० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने सोव्हिएत युद्धकैद्यांवरील एका प्रदर्शनाचे उद्घाटन जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी कार्ल्सहोर्स्ट येथे केले. युक्रेनच्या राजदूतांनी त्या समारंभावर बहिष्कार टाकला. 'जर्मन-रशियन' नाव धारण करणाऱ्या जागी युक्रेनच्या मृतांचे स्मरण कसे होऊ शकते, असा त्यांचा सवाल होता. पुढच्याच वर्षी, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. त्यानंतर संग्रहालयाच्या नामफलकावरून 'जर्मन-रशियन' हे शब्द गेले, दारात केवळ युक्रेनचा ध्वज राहिला आणि 'बर्लिन-कार्ल्सहोर्स्ट संग्रहालय' एवढेच नाव उरले.

या घटनेवर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या. एका बाजूने म्हटले गेले की हा लाल सेनेचा अपमान आहे. दुसऱ्या बाजूने म्हटले गेले की रशियाशी असलेला प्रत्येक धागा तोडणे हेच आजचे कर्तव्य आहे. दोन्ही प्रतिक्रिया मुळात एकच चूक करतात. लाल सेना म्हणजे रशिया, असे दोघेही गृहीत धरतात.

वस्तुस्थिती काय आहे? लाल सेनेत लक्षावधी युक्रेनियन लढले. बेलारूसी, कझाक, उझ्बेक, जॉर्जियन, आर्मेनियन, तातार आणि ज्यू लढले. राइशस्टागवर विजयपताका चढवणाऱ्यांत येगोरोव्ह हा रशियन होता, कांतारिया हा जॉर्जियन होता आणि त्यांच्यासोबत गेलेला अधिकारी बेरेस्त हा युक्रेनियन होता. राइशस्टागवरील पताकेचे जगप्रसिद्ध छायाचित्र घेणारे येवगेनी खाल्देई हे युक्रेनमधील दोनेत्स्क भागात जन्मलेले ज्यू होते. त्यांच्या वडिलांची व बहिणींची नाझींनी हत्या केली होती. या माणसांना एकत्र आणणारा दुवा वंशाचा नव्हता, भाषेचा नव्हता, धर्माचाही नव्हता. म्हणून 'जर्मन-रशियन' हे नाव २०२२ साली चुकीचे ठरले असे नव्हे; ते १९९५ सालीच अपुरे होते. सोव्हिएत युनियन संपल्यावर सर्वांच्या सामाईक वारशाचा सातबारा एकाच वारसाच्या नावावर चढवला गेला, तेव्हाच पुढच्या भांडणाचे बी पेरले गेले. फलकावर शब्द हवाच असेल, तर तो 'सोव्हिएत' हा आहे. १९६७ च्या लांबलचक नावाने दोन राष्ट्रांची नावे आमनेसामने उभी केली नव्हती, ही गोष्ट म्हणूनच आठवायची.

ज्यांचे आजे एकाच खंदकात मेले, त्यांचे नातू आज एकमेकांवर तोफा डागतात, यापेक्षा विदारक दृश्य नाही. शेजारी देशावर सैन्य पाठवताना 'नाझीवादाचे उच्चाटन' हा शब्द वापरणारे सत्ताधारी त्या २ कोटी ७० लाख मृतांच्या पुंजीतून उचल करीत आहेत. ती पुंजी त्यांची खासगी मालमत्ता नव्हे. सोव्हिएत संपत्ती मूठभरांच्या घशात घालणाऱ्या व्यवस्थेला सोव्हिएत हौतात्म्याचा ठेका घेण्याचा अधिकार नाही. त्याचबरोबर, नाटोला पूर्वेकडे रेटत नेऊन आणि शस्त्रास्त्रांच्या बाजारावर डोळा ठेवून युरोप खंड या कड्यापर्यंत आणण्यात पाश्चात्त्य सत्तांचा जो वाटा आहे, तोही नजरेआड करता येत नाही. पण कारणांचा शोध घेणे म्हणजे आक्रमणाचे समर्थन करणे नव्हे.

एका तराजूत दोन पारडी

या युद्धाच्या आडोशाने एक जुना उद्योग मात्र जोरात चालू झाला आहे. १९ सप्टेंबर २०१९ रोजी युरोपीय संसदेने 'युरोपीय स्मृती' या विषयावर ठराव केला. त्यात नाझी आणि कम्युनिस्ट राजवटींना एकाच रांगेत बसवण्यात आले आणि दुसरे महायुद्ध हा १९३९ च्या जर्मन-सोव्हिएत कराराचा थेट परिणाम असल्याचे सांगण्यात आले. त्या कराराचे समर्थन करण्याची गरज नाही. त्याच्या गुप्त कलमांचा निषेध खुद्द सोव्हिएत लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसने डिसेंबर १९८९ मध्ये केला आहे. पण सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिक येथे ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या पंतप्रधानांनी चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून हिटलरच्या पुढ्यात टाकला, याची आठवण ठरावाच्या कर्त्यांना होऊ नये, हे आकस्मिक नाही. ज्यांनी आशिया आणि आफ्रिका शतकानुशतके पायदळी तुडवली, त्यांच्या वारसदारांनी 'सर्वंकष सत्तां'चा हिशेब मांडताना वसाहतवादाचा रकानाच कोरा ठेवावा, हेही आकस्मिक नाही.

मे २०२५ मध्ये विजयाला ८० वर्षे झाली. बर्लिन शहराने त्या एका वर्षापुरती ८ मे ही सार्वजनिक सुटी जाहीर केली. ही गोष्ट स्वागतार्ह होती. परंतु त्याच शहरात, सोव्हिएत सैनिकांच्या थडग्यांपाशी त्यांचाच ध्वज नेण्यास पोलिसांनी मनाई केली. ज्या ध्वजाखाली ते मेले तो ध्वज त्यांच्या कबरीवर चालत नाही, असा हा न्याय आहे. आजच्या राज्यकर्त्यांवरील राग कालच्या मृतांवर काढणे हा लोकशाहीचा पुरावा होऊ शकत नाही. जर्मनीत अतिउजवा पक्ष संसदेतील दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला, तोही २०२५ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीतच. मुक्तिदात्यांची स्मृती अंधुक होते तेव्हा ती जागा कोण भरून काढतो, हे यावरून समजून घेता येईल.

कार्ल्सहोर्स्टच्या खोल्या या एका तराजूच्या सिद्धान्ताला भाषणाविना उत्तर देतात. तेथे स्टॅलिन काळातील अन्यायही लपवलेला नाही. पण कायटेलच्या हुकुमासमोर आणि कैद्यांच्या छावणीच्या छायाचित्रांसमोर उभे राहिल्यावर, मारण्याच्या उद्देशानेच आखलेले युद्ध आणि त्या युद्धाला छातीने अडवणारी जनता यांना एकाच पारड्यात टाकण्याचे धाडस होत नाही. सत्याला श्रमिकांनी भ्यावे असे काही नाही. अर्धे सत्य नेहमी शत्रूच्याच कामी येते, मग ते कोणीही सांगितलेले असो.

आपल्या गावचा दगड

या सगळ्याचा भारताशी, महाराष्ट्राशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध रक्ताचा आहे.

३ सप्टेंबर १९३९ रोजी भारतीय जनतेला न विचारता व्हाइसरॉयने भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्या युद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैनिक सामील झाले आणि ८७ हजारांहून अधिक मृत्युमुखी पडले. इराणमार्गे सोव्हिएत युनियनला रसद पोचवण्याच्या कामात भारतीय सैनिक होते. त्यांपैकी सुभेदार नारायण राव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंग यांना सोव्हिएत सरकारने 'रेड स्टार' पदकाने गौरवले. इटलीच्या डोंगरांत मराठा पलटणी जर्मन सैन्याशी लढल्या. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि धारातीर्थी पडले. अहमदनगर जिल्ह्याचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना गोळीबारातून वाचवले. कार्ल्सहोर्स्टच्या सहीला तेव्हा एक महिनाही उरला नव्हता. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतील मोंतोने या गावाने २०२३ साली घाडगे यांचे स्मारक उभारले.

त्याच काळात मुंबईच्या गिरणगावात आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत अण्णाभाऊ साठे यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा गायला जात होता. डफावर थाप पडत होती ती एका दूरच्या नगरासाठी. पण ऐकणाऱ्या कामगाराला ते नगर दूरचे वाटत नव्हते. त्याच काळात, १९४३ साली, बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसे दुष्काळात मेली आणि साम्राज्याची धान्याची गाडी त्यांच्यासाठी थांबली नाही. फॅसिझमविरुद्धचे युद्ध न्याय्य होते आणि ते लढणारे ब्रिटिश साम्राज्य अन्यायी होते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. ही गुंतागुंत भारतीय सैनिकाने पुस्तकातून शिकलेली नव्हती. तो ती जगला होता. म्हणूनच कार्ल्सहोर्स्टच्या सहीला वर्ष व्हायच्या आत, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, मुंबईच्या नाविकांनी बंड पुकारले आणि त्यांच्या पाठीशी गिरणी कामगार रस्त्यावर उतरले.

ही कथा भारतातील किती लष्करी संग्रहालयांत सांगितली जाते? आपल्याकडेही किल्ले, बराकी आणि जुन्या बंगल्यांतून लष्करी इतिहासाची लहानमोठी संग्रहालये आहेत. तेथे तलवारी आणि तोफा असतात, पदके आणि गणवेश असतात, सेनापतींची तैलचित्रे असतात. नसतो तो शिपाई. तो कोणत्या गावचा, किती गुंठ्यांचा धनी, सावकाराला किती देणे लागत होता, कोणत्या दुष्काळात भरतीला उभा राहिला, त्याच्या माघारी घर कोणी चालवले, हे तेथे कोणी सांगत नाही. सातारा आणि कोकण भागातील कित्येक गावांत पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी बसवलेले दगड आहेत. या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले, त्यांपैकी इतके मेले, असे त्यांवर कोरलेले असते. आकडा असतो, नावे नसतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून त्या युद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत, म्हणून ते गाव आजही 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखले जाते. साम्राज्याला माणसांची मोजदाद हवी होती, माणसे नको होती.

कार्ल्सहोर्स्टच्या छोट्या घराचा खरा धडा येथे आहे. शत्रूचे भोजनगृह विजयाचे दालन होऊ शकते; विजयाचे दालन आत्मपरीक्षणाची शाळा होऊ शकते; आणि चार देशांच्या मृतांचे सामाईक घर झालेली तीच वास्तू, दुर्लक्ष झाल्यास, पुन्हा राष्ट्रवादाच्या भांडणाची जागाही होऊ शकते. भिंती त्याच राहतात. त्यांतून काय बोलले जाईल हे ठरवण्यासाठी संघर्ष करावा लागतो आणि तो संघर्ष केवळ संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांवर सोपवून चालत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. आपल्या लष्करी संग्रहालयांत सेनापतींच्या शेजारी शिपायाला, विजयाच्या शेजारी त्याच्या किमतीला आणि स्वाऱ्यांच्या शेजारी बंडांना जागा मिळाली पाहिजे. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरमध्ये निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडण्यास नकार देणारे चंद्रसिंग गढवाली आणि त्यांचे साथी हेही भारताच्या लष्करी इतिहासाचेच मानकरी आहेत. आणि मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. कोकणात, साताऱ्यात, नगरमध्ये, त्याचप्रमाणे इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा हैदराबाद येथे वसलेल्या मराठी घरांत आजही जुन्या पत्र्याच्या पेट्यांतून एखादे पत्र, एखादे डिस्चार्जचे पुस्तक, एखादे गंजलेले पदक सापडते. शाखांनी ती नावे लिहून घ्यावीत, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टिपून ठेवाव्यात, गावच्या दगडावरील आकड्याखाली माणसांची नावे लावावीत. ग्रामपंचायतीची एखादी पडकी खोली किंवा युनियन कचेरीची एखादी भिंत त्यासाठी पुरेशी आहे.

कार्ल्सहोर्स्ट येथेही सुरुवात एका जेवणघरापासूनच झाली होती.